चप्पल घालताना सांगितलेली तक्रार

घरातून निघताना मी बायकोला सांगितलं होतं, गुडघा दाखवून येतो. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला, एक्स-रे लिहून दिला, शुगरच्या गोळ्या आहेत त्याच ठेवल्या. पैसे देऊन मी उठलो. दाराबाहेर एका पायात चप्पल घातली, दुसरी पायानं चाचपडत होतो, तेव्हा मान वळवून म्हटलं, "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं. जाऊ दे, पुढच्या वेळी बोलू."

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. ते म्हणाले, "काका, चप्पल काढा आणि आत या. पेशंट चप्पल घालताना जे सांगतो, त्यासाठीच तो आलेला असतो."

माझं वय ६२, मधुमेहाला ११ वर्षं झाली. दीड वर्षापासून संबंधाच्या वेळी लिंगाला पुरेशी ताठरता येत नव्हती, आली तरी टिकत नव्हती. आता हे वाक्य मी सरळ लिहून टाकलं, पण त्या दिवशी तोंडून फक्त "ते पूर्वीसारखं राहिलं नाही" एवढंच निघालं. आपल्याकडे या बाबतीतले शब्दच चोरटे आहेत. ‘कमजोरी’, ‘ताकद गेली’, ‘तो प्रॉब्लेम’. डॉक्टर लोक ‘इरेक्टाइल डिसफंक्शन’ची इंग्रजी आद्याक्षरं घेऊन ‘ईडी’ म्हणतात, आणि हल्ली ईडी म्हटलं की माणसाला आधी घरावर पडलेला छापाच आठवतो. म्हणून मी आपलं साधं ‘ताठरतेची अडचण’ म्हणतो.

ताठरता येते म्हणजे नेमकं काय होतं? लिंगात हाड नाही, आणि ज्याला आपण ताकद म्हणतो तसा स्नायूही नाही. आत स्पंजासारख्या दोन नळकांड्या असतात. एरवी त्यांतल्या रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात. मनात इच्छा आली किंवा स्पर्श झाला की मज्जातंतूंतून निरोप जातो आणि तिथं नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्यानं रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात, रक्त आत धावतं, स्पंज फुगतो. फुगलेला स्पंज रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांना दाबून धरतो, त्यामुळे आलेलं रक्त आतच राहतं. म्हणजे हा सगळा कारभार पाणी सोडणं आणि पाणी अडवणं एवढाच आहे. निरोप देणारी तार शाबूत हवी, पाइप मोकळा हवा, आणि परतीची झडप नीट बसायला हवी. तिन्हींपैकी एक बिघडलं तरी अडचण येते.

आता पाइपाचं पाहू. ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे एका वाक्यात कळेल. पाण्यात क्षार असले तर आधी काय तुंबतं? मेन लाइन नाही, ड्रिपर. लिंगाला रक्त पुरवणारी धमनी साधारण १ ते २ मिलिमीटर रुंदीची असते, हृदयाच्या धमन्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. चरबीचे थर सगळीकडेच बसत असतात, पण अरुंद नळीत त्यांची अडचण आधी जाणवते. त्यामुळे ताठरता कमी झाली आणि त्यानंतर दोन-चार वर्षांनी छातीत दुखायला लागलं, असं अनेकांच्या बाबतीत घडतं. प्रत्येकाचं तसंच होईल असं नाही. पण पन्नाशी-साठीतल्या माणसानं ही तक्रार सांगितली की चांगला डॉक्टर आधी त्याच्या हृदयाची चौकशी करतो, ती यामुळे. माझाही ईसीजी त्याच दिवशी काढला. मी मनात म्हटलं, दुखतंय कुठं आणि हे बघतायत कुठं!

अर्थात, वयानं जे बदलतं ते सगळंच आजारात मोडत नाही. पंचविशीत नुसत्या विचारानं जे व्हायचं, त्याला साठीत प्रत्यक्ष स्पर्श लागतो आणि वेळही लागतो. वीर्य कमी येतं, त्याचा जोर कमी होतो. एकदा झाल्यावर पुन्हा तयार व्हायला काही तास, कधी एक-दोन दिवसही जातात. मधेच थोडं सैल पडून पुन्हा नीट होणं हेही चालायचंच. एखाद्या दिवशी दमल्यामुळे किंवा जास्त दारू झाल्यामुळे जमलं नाही, तर त्याला दुखणं म्हणत नाहीत. तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ बहुतेक वेळा असंच होत असेल, तर मात्र दाखवायचं. आणि यात आपण एकटे नसतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वयाच्या पुरुषांची एक मोठी पाहणी झाली होती. तिचे आकडे १९९४ साली छापून आले. त्यांतल्या ५२ टक्के पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात ही अडचण होती. सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या आमच्या दहा जणांच्या टोळक्याला हा हिशोब लावून मी एकदा मनातल्या मनात सगळ्यांच्या तोंडांकडे पाहून घेतलं. कुणीच काही बोलत नाही.

कारणांमध्ये पहिला नंबर मधुमेहाचा. तो पाइपही खराब करतो आणि तारही, त्यामुळे मधुमेही पुरुषांत ही अडचण जास्त आढळते आणि लवकर सुरू होते. मग ब्लडप्रेशर, वाढलेलं कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर आणि तंबाखू. तंबाखू म्हणजे फक्त सिगारेट नाही. "मी बिडी-सिगारेटला हात लावत नाही" असं सांगणाऱ्याच्या खिशात चुन्याची डबी असते. निकोटीन कुठल्याही वाटेनं गेलं तरी रक्तवाहिन्या आखडतात.

काही वेळा गोळ्याच कारण असतात. ब्लडप्रेशरच्या काही जुन्या गोळ्या, लघवी वाढवणारी काही औषधं, नैराश्यावरची काही औषधं यांनी ताठरता किंवा इच्छा कमी होऊ शकते. इथं लोक हमखास एक चूक करतात. कुठंतरी वाचलेलं असतं, मग बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करतात. असं अजिबात करू नये. गोळी बदलून मिळते, पण ती डॉक्टरनं बदलायची असते.

प्रोस्टेटची, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या ग्रंथीची, गोष्ट थोडी वेगळी आहे. साठीनंतर रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागतं, धार बारीक होते. त्यासाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी सुरू होते किंवा दुर्बिणीतून ऑपरेशन होतं. त्यानंतर कित्येकांना संबंधाच्या शेवटी वीर्य बाहेर येत नाही. ते उलटं मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीवाटे निघून जातं. यात धोका काही नाही, पण आधी कुणी सांगितलेलं नसेल तर माणूस हबकतो. ऑपरेशनच्या सहीपूर्वी हे विचारून घ्यावं. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी पूर्ण ग्रंथी काढली असेल तर शेजारून जाणाऱ्या मज्जातंतूंना धक्का बसलेला असतो. तिथं सुधारणा व्हायला दीड-दोन वर्षंही लागतात आणि ती पूर्ण होईलच असं नसतं.

आणि मन. रिटायर झालेला माणूस, दोन खोल्यांचं घर, रात्री आजी-आजोबांच्या मधे झोपणारा नातू. यात कुठून येणार ताठरता! एकदा फसलं की पुढच्या वेळी "आज तरी होईल ना" ही धास्ती बसते. धास्ती बसली की शरीर ॲड्रिनलिन सोडतं, आणि ॲड्रिनलिन नेमकं उलटं काम करतं, रक्तवाहिन्या आखडतं. सुरुवात शरीरातून झाली तरी पुढं मनाचा वाटा येतोच, त्यामुळे "हे शारीरिक की मानसिक" या प्रश्नाचं उत्तर उतारवयात बहुतेक वेळा ‘दोन्ही’ असंच असतं.

तरी वाटा कुणाचा मोठा हे ओळखायची एक खूण आहे. निरोगी पुरुषाला झोपेत रात्रीतून तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते, पहाटे जाग येताना जाणवते ती त्यांतलीच शेवटची. पहाटेची ताठरता चांगली असेल पण जोडीदारासोबत येत नसेल, तर तार-पाइप बरेचसे ठीक आहेत असं समजायचं. हे तपासायला पूर्वी एक मजेदार युक्ती होती. झोपताना लिंगाभोवती टपाल तिकिटांची सलग पट्टी गुंडाळून चिकटवायची आणि सकाळी भोकांच्या रेषेवर ती तुटली आहे का ते बघायचं. आता कुणी हे करत नाही, पण पोस्टखात्याचा असाही उपयोग झालेला आहे.

डॉक्टरांनी मला काय काय विचारलं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तयारी करता येईल. हळूहळू कमी झालं की एकदम? इच्छा आहे का, की तीच राहिलेली नाही? पहाटे येते का? लिंग वाकडं होतं का, आत गाठ लागते का? गोळ्या कोणकोणत्या चालू आहेत? दारू किती, तंबाखू किती? जिना चढताना छातीत भरून येतं का? मग ब्लडप्रेशर घेतलं, पोटाचा घेर मोजला, पायाची संवेदना पाहिली, गुप्तांग तपासलं. रक्तात तीन महिन्यांची सरासरी शुगर, चरबीचं प्रमाण, मूत्रपिंडाची तपासणी आणि सकाळच्या वेळचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन. ‘सकाळच्या वेळचं’ हे महत्त्वाचं, कारण हे हार्मोन पहाटे-सकाळी जास्त असतं आणि दिवसभरात उतरतं. एकदा कमी आलं म्हणून लगेच इंजेक्शन घ्यायचं नसतं, दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात. वयाबरोबर ते थोडं कमी होतंच. ते खरोखर कमी असेल आणि इच्छाच मेली असेल, तर त्याचा उपचार आहे. पण प्रोस्टेट आणि हिमोग्लोबिन यांवर नजर ठेवून.

ताठरतेच्या गोळीबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण लोक डॉक्टरकडे जाण्याआधी मेडिकलवाल्याकडे जातात. सिल्डेनाफिल हे औषध इंग्लंडमधल्या सँडविच नावाच्या गावातल्या फायझरच्या प्रयोगशाळेत हृदयाच्या दुखण्यासाठी शोधलं जात होतं. त्या कामात ते फारसं उपयोगी ठरलं नाही, पण चाचणीतल्या पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली आणि निळी गोळी जगभर गाजली. योगायोग असा की त्याच वर्षीचा वैद्यकशास्त्राचा नोबेल नायट्रिक ऑक्साइडचं काम शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना मिळाला.

ही गोळी इच्छा निर्माण करत नाही. नायट्रिक ऑक्साइडनं रक्तवाहिन्या सैल केल्या की त्यांना पुन्हा आखडायला लावणारं एक एन्झाइम असतं. गोळी त्याला अडवते. निरोपच गेला नाही तर ती अडवणार काय? म्हणून गोळी घेऊन टीव्हीसमोर बसून राहिलं तर काही होत नाही. सिल्डेनाफिल साधारण अर्ध्या ते एक तासात काम सुरू करतं, पण वर मटणाचं जेवण आणि क्वार्टर झाली असेल तर उशीर होतो किंवा गुण येत नाही. टाडालाफिल या तशाच दुसऱ्या औषधाचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहतो. ते कमी मात्रेत रोजही देतात, आणि त्यानं प्रोस्टेटच्या लघवीच्या त्रासालाही आराम पडतो. डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं असे त्रास होऊ शकतात. पहिल्या गोळीला यश आलं नाही म्हणून लगेच सोडू नये. मात्रा आणि वेळ जुळायला पाच-सहा प्रयत्न लागतात.

धोका कुठं आहे ते आता नीट वाचा. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी आपल्याकडे अनेक वयस्कर माणसांच्या शर्टाच्या खिशात असते. त्या जातीची नायट्रेटची औषधं, आणि निकोरँडिल हे हृदयाचं औषधसुद्धा, या गोळीसारखंच रक्तवाहिन्या सैल करतात. दोन्ही एकत्र आली तर ब्लडप्रेशर धाडकन कोसळतं आणि जीव जाऊ शकतो. नायट्रेट चालू असणाऱ्यानं ही गोळी घ्यायचीच नाही. आणि गोळी घेतल्यानंतर छातीत दुखलं, तर घरच्यांना आणि दवाखान्यात पहिल्यांदा हेच सांगायचं, लाज वाटली तरी. कारण सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देता येत नाही, आणि तिथला डॉक्टर सवयीनं तेच द्यायला जाईल. मित्राकडून गुपचूप घेतलेली गोळी धोक्याची ती यामुळे. प्रोस्टेटच्या गोळीसोबतही बीपी उतरू शकतं, म्हणून सुरुवात कमी मात्रेनं करतात. ताठरता चार तासांनंतरही उतरली नाही किंवा अचानक दिसायला वा ऐकायला कमी झालं, तर थेट इमर्जन्सीत जायचं. तिथं हसायला कुणी बसलेलं नसतं.

हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर संबंध ठेवायचे की नाही? प्रकृती स्थिर झाल्यावर भरभर दोन मजले चढून जाताना छातीत दुखत नसेल आणि फार धाप लागत नसेल, तर बहुतेकांना चालतं. संबंधाला साधारण तेवढेच श्रम पडतात. पण आधी हृदयाच्या डॉक्टरला विचारून.

गोळी लागू पडली नाही तरी रस्ते आहेत. हवा ओढून घेऊन चालणारा पंप आहे, स्वतः टोचून घ्यायचं बारीक सुईचं इंजेक्शन आहे, आणि अगदी शेवटी आत बसवायचं उपकरण, ज्याचं ऑपरेशन मूत्रविकारतज्ज्ञ म्हणजे युरॉलॉजिस्ट करतात. मला त्यांतलं काही लागलं नाही, म्हणून जास्त बोलत नाही. पण शुगर आटोक्यात आणणं, तंबाखू सोडणं आणि घाम येईल असं रोजचं चालणं यांचा गुण काही महिन्यांत दिसतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि याच्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही.

लोकांचा विश्वास कशावर बसतो? भिंतीवर. लोकलमधून जाताना रुळांलगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’, ‘खोई हुई ताकत’, खाली मोबाइल नंबर. औषधानं कामशक्ती वाढवून देण्याची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. कायदा सत्तर वर्षांचा झाला, भिंती रंगतायतच. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकलेल्या अशा पुड्यांमध्ये गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेलं वेगवेगळ्या देशांतल्या तपासण्यांत पुन्हा पुन्हा सापडलं आहे. वर नायट्रेटचं काय होतं ते वाचलंत. पुडी खाणाऱ्याला आपण काय खातोय हेच माहीत नसतं. गंमत अशी की याच मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२७ सालापासून एक मासिक चालवलं आणि त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरं दिली, वर खटलेही सोसले. आपण मात्र अजून भिंतच वाचतोय.

सांगायचं कुणाला? आधी फॅमिली डॉक्टरला. त्यानं उडवून लावलं तर डॉक्टर बदलायचा. आमच्या फिरायच्या टोळक्यातल्या एकानं धीर करून विचारलं, तर डॉक्टर त्याला म्हणाले, "आता काय करायचंय, नामस्मरण करा." त्यानंतर तीन वर्षं तो कुणाकडे गेला नाही. त्यानं दुसऱ्या दिवशीच युरॉलॉजिस्टची वेळ घ्यायला हवी होती. खरी पंचाईत होते ती बाहेर बसायच्या जागेत. काउंटरवरची मुलगी अख्ख्या गावासमोर मोठ्यानं विचारते, "काका, काय होतंय?" तिला "शुगरचं दाखवायचंय" म्हणायचं, ते खोटंही नसतं. आत गेल्यावर पहिलंच वाक्य, गुडघा यायच्या आधी: "संबंधाच्या वेळी ताठरता येत नाही, इतके महिने झाले." तोंड उघडत नसेल तर चिठ्ठीवर लिहून न्यायचं. चालू गोळ्यांची पाकिटंही पिशवीत टाकून न्यायची, नावं कुणाच्या लक्षात राहतात?

माझी तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ९.१ टक्के, म्हणजे बरीच जास्त निघाली. मी तोवर सगळ्यांना "कंट्रोलमध्ये आहे" सांगत होतो. ईसीजी ठीक होता, तरी पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती स्ट्रेस टेस्ट करून घेतली. ती पार पडल्यावरच गोळी मिळाली.

त्या संध्याकाळी घरी आलो तर बायकोनं विचारलं, "काय म्हणाले गुडघ्याला?" हातात रक्ताच्या तपासण्यांचा एवढा मोठा कागद. गुडघ्यासाठी टेस्टोस्टेरॉन कशाला, हे तिला कसं पटवणार? सांगून टाकलं. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "अहो, मला वाटत होतं तुम्हाला आता माझा कंटाळा आलाय." आणि थोड्या वेळानं, "आणि मलाही दुखतं. पाळी गेल्यापासून. मी कधी बोलले नाही."

हे मला माहीत नव्हतं. पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं, योनीचा आतला थर पातळ आणि कोरडा पडतो, आणि संबंध नकोसे होतात. त्यावर मेडिकलमध्ये मिळणारं वंगण आहे, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ तपासून इस्ट्रोजेनचं क्रीमही देतात. नवऱ्यानं गोळी घेऊन यायचं आणि बायकोचं दुखणं तसंच, यात सुख कसलं? आम्ही दोघं पुढच्या आठवड्यात गेलो, ती तिच्या डॉक्टरकडे, मी माझ्या.

गुडघ्याचा एक्स-रे अजून काढायचा राहिलाय.